नवीन व्हर्जन आलं तरी सांगू नका!

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमचं हिंजवडीतलं ऑफिस तीन माणसांचं, पण एक साधी सेटिंग करायला घेतली आणि चहाला पुरून उरतील एवढे किस्से साठले!

आम्ही सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधणारं टूल बनवतो. ते दर वेळी सुरू होताना इंटरनेटवर जाऊन बघायचं, 'माझं नवीन व्हर्जन आलंय का?' आमचे सगळ्यात जुने ग्राहक शनिवार पेठेतले साने साहेब. त्यांनी मशिनला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नाही. त्यामुळे टूल आपलं अर्धा मिनिट ताटकळत बसायचं. एक दिवस फोन आला, "अहो, हे रोज कुणाची वाट बघतं? महिनाअखेरपर्यंत थांबवा, नाहीतर आम्ही तुमचं टूल थांबवतो."

ती तपासणी बंद करायची सेटिंग म्हणजे माझं पहिलं स्वतंत्र काम. साने साहेब गेले असते तर खापर माझ्याच डोक्यावर!

*

सेटिंग लिहिली, टूल चालवलं. अर्धा मिनिट शांतता. मग स्क्रीनवर आलं, 'तपासणी बंद आहे.' माझ्या चुकीमुळे टूल आधी तपासणी करत होतं आणि सेटिंग नंतर वाचत होतं!

आमच्या लीड कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "वा! म्हणजे झोपलेल्याला उठवून विचारायचं, झोपमोड नाही ना झाली?"

*

मग वाटलं, कुणी चुकून बंद केलं तर? म्हणून मी एक प्रश्न टाकला, 'नक्की बंद करायचं ना?' टेस्टिंगवाल्या वैभवने ते टूल आपोआप चालणाऱ्या मशिनवर लावलं. दुपारपर्यंत एकही पॅकेज बाहेर पडेना.

वैभव अकोल्याचा. बघून आला आणि म्हणाला, "अबे, मशीन सकाळपासून 'नक्की ना?' इचारून रायली! तिथं हाय कोन उत्तर द्याले?"

मॅडमनी तो प्रश्न तिथल्या तिथे उडवायला लावला. "एकदा नको म्हटलं की नको. जिलबीचा आग्रह करतोयस का?"

*

शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन मी आणि मॅडम साने साहेबांकडे गेलो. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. टूल झटक्यात सुरू झालं!

"बरं आहे. राहू द्या तुमचं टूल," एवढंच म्हणाले.

माझा चेहरा पडला. जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "अरे, पेढे आण! त्यांच्या तोंडून 'बरं आहे' मी पहिल्यांदा ऐकलं." मग काय, पेढे आणले. खरं सांगतो, इतका आनंद पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

*

तेव्हापासून दर सोमवारी अकराच्या ठोक्याला साने साहेबांचा फोन येतो. "काय हो, नवीन व्हर्जन आलं का?"

पाचव्या सोमवारी मी धीर करून म्हणालो, "साहेब, आपण कशाला त्रास घेता? आलं की आम्हीच ईमेल करत जाऊ."

"छे! तुम्ही होऊन सांगायचं नाही. मी विचारीन, तेव्हाच सांगायचं. हं, बोला, आलं का?"