पट्टीची दोन टोकं

शेठनी डबा माझ्या टेबलावर उपडा केला. काजूकतलीचे अर्धवट तुकडे कागदांवर सांडले.

"पाटील, हे काय आहे?"

"टोकं आहेत, शेठ."

"टोकं नाहीत, माझे काजू आहेत. बंद कर हे."

वसई पूर्वेला एका गाळ्यात आमचा मिठाईचा कारखाना आहे. मी तेव्हा तिथे प्रॉडक्शन बघायचो. कतली कापायची पद्धत साधी. ट्रेमध्ये थापलेल्या थरावर आधी लांबीच्या बाजूने सरळ काप मारायचे, म्हणजे पट्ट्या होतात. मग आडवे काप, पण तिरके. त्यातून शंकरपाळ्याचा आकार येतो. ट्रे काटकोनी आणि काप तिरका, म्हणून प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक तिरपागडा तुकडा उरतो. तो बॉक्समध्ये चालत नाही. पुढच्या घाण्यात पुन्हा मळावा, तर दुसऱ्यांदा मळलेला काजू तेल सोडतो.

हे काप मंगलताई मारायची. जवळच्या जूचंद्र गावची, पन्नाशीला आलेली. लांब सुरी आणि लाकडी पट्टी, बाकी सगळं नजरेवर. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दुपारी मी कागदावर ट्रे काढला. उत्तर लगेच मिळालं: चौकोन. आडवे कापही सरळ मारले की टोकं उरतच नाहीत. शिवाय चौकोनासाठी पात्यांची तयार फ्रेम मिळते. वरून दाबली की अख्खा ट्रे एका दमात कापला जातो.

त्याच कागदावर, खाली, दुसरं उत्तर निघालं. पट्टी कितीही लांब असो, तिला टोकं दोनच. ट्रे दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच मालामागे टोकं निम्मी. आकार तोच, सुरी तीच, मंगलताई तीच.

शेठना मी पहिलंच उत्तर दाखवलं. लांब ट्रे म्हणजे पत्र्याचं काम, ते कोणीही सांगेल. फ्रेम म्हणजे ऑटोमेशन. आणि मला मॅनेजर व्हायचं होतं.

"कापायला माणूस?" शेठनी विचारलं.

"लागणार नाही."

मंगलताईला कुणकुण लागलीच. "साहेब, चौकोन करनार म्हनं?"

"फक्त आकार बदलतोय, ताई."

"पन सुरी माझ्याकडंच ना?"

"तुझ्याकडेच की."

फ्रेमची ऑर्डर सकाळीच गेली होती.

ती हसली. "मंग ठीक. तिरकं कापून कापून माझी मानच तिरकी झालीय."

फ्रेम आली. ताईला आधी पॅकिंगला बसवलं. सीझन संपल्यावर शेठनी माणसं कमी करायला सांगितली, तेव्हा यादीत तिचं नाव मीच घातलं, कारण पॅकिंगला ती सगळ्यांत नवी होती. हिशोबाने बरोबर होतं. तिने सुरी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे दुकानदार बॉक्स परत पाठवू लागले. गिऱ्हाईक म्हणायचं, ही बर्फी आहे, कतली द्या. शेठनी आकार परत आणायला लावला. तिरक्या पात्यांची फ्रेम मुद्दाम बनवून घेतली, त्याबरोबर टोकंही परत आली. मग मी लांब ट्रे सुचवला, जणू आत्ताच डोक्यात आल्यासारखा. टोकं निम्मी झाली. शेठनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मॅनेजरही केलं.

मागच्या महिन्यात आमच्या ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाला जूचंद्रला गेलो होतो. मिठाई आमच्याच कारखान्यातली. मंगलताई मिठाईचं ताट घेऊन वाढायला समोर आली. कतली उचलून तिने उजेडात धरली.

"तिरकी झाली परत?"

"हो."

"कोन कापतं?"

"फ्रेम."

"आन टोकं?"

"निम्मीच उरतात आता. ट्रे लांब केला. पट्टीला टोकं दोनच असतात ना."



"येवढंच व्हतं?"

"एवढंच."

"बरं झालं सुचलं तुमाला," म्हणाली आणि कतली ताटात ठेवून पुढे गेली.

कधी सुचलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याच दुपारी सुचलं होतं, पहिल्या उत्तराच्या खाली. गणिताला दोन उत्तरं निघाली, तर शेठच्या टेबलावर दोन्ही ठेवावीत. निवडणं शेठचं काम होतं. मी ते त्यांच्यासाठी आधीच उरकून टाकलं.