बातमीवरचं नाव

"तो जिना नव्हताच," मोरीन फोनवर म्हणाल्या. "लेडीज टॉयलेट होतं."

मी फोन केला होता तो फक्त त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग विचारायला.

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत मी एडिटर आहे. आमच्याकडे डेनिस नावाच्या ब्रिटिश पत्रकाराच्या आठवणींचं पुस्तक चाललं होतं. सगळी कारकीर्द त्यांनी राजकीय बातमीदारीत काढली. आधी एका लहान शहरातल्या पेपरात, मग लंडनला पार्लमेंटमध्ये, शेवटी टीव्हीवर. पत्नी वारल्यावर ते मुलीकडे, क्लेअरकडे, इथे सिंगापुरात मरीन परेडला राहायला आले. पुस्तकात हयात माणसाचा उल्लेख असला की आम्ही तो मजकूर त्या व्यक्तीला दाखवतो. मोरीन यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा होता. ऑफिसातली नवी, हुशार मुलगी, एवढाच.

चौथं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा जीव. एक महिला मंत्री राजीनामा देणार, ही बातमी डेनिसना सगळ्यांच्या आधी मिळाली. त्या बाई पार्लमेंटच्या मागच्या जिन्यात रडत बसल्या होत्या. यांनी रुमाल पुढे केला. त्या म्हणाल्या, "सही करून आले." या एका बातमीने डेनिसचं नाव झालं. पुढच्या नोकऱ्या, टीव्ही, सगळं त्यानंतरचं.

"रुमाल कसला, टॉयलेट पेपर दिला मी," मोरीन म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "धावत ऑफिसात आले. संपादक म्हणाले, नव्या मुलीच्या नावावर एवढी मोठी बातमी कोण खरी मानेल? डेनिसची बायलाइन गेली."

बायलाइन म्हणजे बातमीवर छापतात ते बातमीदाराचं नाव.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"डेनिस शेजारीच उभा होता. तो बोलेल असं वाटलं." मग त्या म्हणाल्या, "छापायचं तर छापा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

माझी बॉस हुई लिंग हिला मी हे सांगितलं. लंडनचा एक पेपर नेमकं तेच प्रकरण छापणार होता.

"मोरीनची हरकत नाही ना? मग सोड ना, लाह," ती नेहमीच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"पण हे खरं नाहीये."

ती परत स्क्रीनकडे वळली. "मग तूच जाऊन डेनिसना विचार. मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेनिस राहत होते त्या क्लेअरच्या कॉन्डोवर, म्हणजे फ्लॅटवर, गेले. क्लेअर ऑफिसात असेल असं धरून चालले होते. ती घरीच होती. चहा घेऊन आमच्यातच येऊन बसली.

"चौथं प्रकरण का? लहानपणी आम्ही हीच गोष्ट ऐकत झोपायचो."

"डेनिस, आपण दोघंच बोलू या का?" मी म्हटलं.

"तिच्यासमोरच बोला. तिला तर पाठ आहे."

आता मागे फिरणं अवघड होतं. "मोरीन यांच्याशी बोलणं झालं माझं," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. माझ्याच्याने ते बघवेना. मी घाईघाईने पुढे म्हटलं, "जागेचा काहीतरी घोळ झालाय असं त्या म्हणत होत्या."

एवढी पळवाट मी करून दिली होती. त्यांनी ती घेतली नाही.

"घोळ जागेचा नाही. मी तिथे नव्हतोच."

"कुठे नव्हतात?" क्लेअरने विचारलं.

"त्या बाईंपाशी. मी कॅन्टीनमध्ये जेवत होतो." ते हातांकडे बघत बोलत होते. "सुरुवातीला सांगताना मी 'आमच्या पेपरने' म्हणायचो. मग 'आम्ही' म्हणायला लागलो. त्याचं 'मी' कधी झालं, खरंच आठवत नाही."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

क्लेअरने कप उचलले. चहा अर्धाही संपला नव्हता. आत बराच वेळ नळ वाहत राहिला. मी बरोबर होते, तरी त्या घरात मला मान वर करवेना. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मुलीसमोर उघडं पाडलं होतं, आणि आता उठून जाणंही वाईट दिसलं असतं.

"आयुष्यभर मंत्र्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारत आलो, हो की नाही ते सांगा," डेनिस म्हणाले. "ते घाम पुसायचे. मला वाटायचं, किती ही भित्री माणसं."

मग त्यांनी मोरीन यांचा नंबर मागून घेतला.

चौथं प्रकरण त्यांनी नव्याने लिहिलं. ते निम्म्याने लहान झालं. लंडनच्या पेपरने कळवलं की आता त्यात रस नाही. हुई लिंगने प्रती कमी छापल्या. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला क्लेअर आली, मागे उभी राहिली आणि भाषणं सुरू व्हायच्या आत निघून गेली.

नवं प्रकरण मी छपाईआधी मोरीन यांना पाठवलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "बरं लिहिलंय. संपादकाला मात्र जरा जास्तच दोष दिलाय. तो निदान तिथे असल्याचं सांगत फिरला नाही." डेनिसनी ते वाचलं आणि संपादकाबद्दलचा परिच्छेद स्वतःच्या हाताने कापला.

लेखकांच्या पुसट आठवणी तपासायला मला फारसा वेळ लागत नाही. ज्या आठवणीत माणूस एकदाही अडखळत नाही, ती मी आता सगळ्यात आधी तपासायला घेते. आणि विचारायला जाण्याआधी घरी कोण कोण आहे, ते फोन करून बघते.