सखुबाईंचा वरवंटा

भांडुपची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती आणि सखुबाईंचे नमस्कार काही संपत नव्हते. मोरीला नमस्कार, कोनाड्याला नमस्कार, जन्मभर गळत राहिलेल्या नळालासुद्धा. ज्यांच्या जिवावर संसार झाला त्यांना न सांगता निघायचं, हे त्यांच्या मालवणी रक्तात बसत नव्हतं.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा नंदकिशोर घायकुतीला आलेला.

"आई, पाटा-वरवंटा राहू दे इथेच. मुलुंडला चौथा मजला, लिफ्ट बंद. आणि मिक्सर आहे ना आपल्याकडे!"

या पाट्याने घरादाराला वाटपाची आमटी खाऊ घातली होती, आणि आता तो डेब्रिसखाली जाणार. पण ओझं वाहणारी पाठ मुलाची होती. सखुबाईंनी पाट्यालाही नमस्कार केला.

नात नेत्रा पुरातत्त्व शिकते. आजीचा चेहरा पडलेला बघून तिने सुरू केलं, "आजी, हजार वर्षांनी इथे खणतील ना, तेव्हा जाम मजा येईल. कुकरची शिट्टी सापडली की म्हणतील, देवळातली घंटा. प्लॅस्टिकात गुंडाळलेला रिमोट म्हणजे ह्यांचा पवित्र ग्रंथ. पाट्यावरचे टाकीचे घाव ही लिपी! आणि वरवंटा दिसला की ठरलेलंच. देव! हे लोक दगडाची पूजा करायचे."

"मगे त्यांचां चुकलां काय?" सखुबाई म्हणाल्या.

नेत्रा हसायची थांबली.

"तुज्या बारशाक पाळण्यात पयलो ह्यो निजलो. कुंची घालून, काजळाची तीट लावून. तुजां नाव पयलां ह्येकाच सांगलां, मगे तुका. तुज्या बापाशीच्या बारशाकपण ह्योच." त्यांनी वरवंट्यावरून हात फिरवला. "दगडासारकी घट्ट व्हा म्हणान. झालात. ह्येचे उपकार खंय फेडू?"

नंदकिशोर दारात उभा राहून ऐकत होता. त्याने गॅलरीच्या कठड्यावरून वाकून टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, "दोन माणसं वर पाठव. पाटा न्यायचाय!"

मग त्याने स्वतः वरवंटा उचलला, एका हाताने, घाईघाईत.

"अरे, मान सांभाळ!" सखुबाईंच्या तोंडून निघून गेलं.

कुणीच हसलं नाही. नंदकिशोरने दुसरा हात वरवंट्याच्या खाली घातला, त्याला छातीशी धरलं आणि एकेक पायरी जपून उतरू लागला.