उभ्यानं झालेली तपासणी
दाढीचं गार जेल गालाला लागलं, की नवीन जालन्यातली ती सोनोग्राफीची खोली आठवते. जन्मभर उभ्यानं केस कापून वडलांच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. दुकान सोडावं लागतंय का, ही धास्ती होतीच, तरी पलंग दिसताच ते खुशीत आडवे झाले. “काका, उभे राहा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वर गेलेलं रक्त खाली परततं का, ते उभ्यानंच नीट कळतं.” “मंग इथंबी उभंच का?” म्हणत वडील उठले. बाईंनी जेल लावून पोटरी दाबली, सोडली, तर पडद्यावर रक्त उलटं खाली येताना दिसलं. शिरेतली झडप मिटत नव्हती. वडलांनी सवयीनं खांद्यावरचा नॅपकिन झटकून स्वतःचीच पोटरी पुसली. पुढं घट्ट मोजे आले, चाकांचं स्टूल आलं, दुकान सुरूच राहिलं. आता त्या स्टुलावर बसून माझी दाढी करताना ते म्हणतात, “मान हलवू नको, मीच फिरून येतो.”