सख्ख्या बापानं ओळखलं नाही

सरांनी माझा आवाज स्पीकरवर लावला आणि सगळा वर्ग हसला.

"माझं बीएस्सी झालेलं हाय. मला कामाची सवय हाय." एवढीच दोन वाक्यं. सरांनी ती तीनदा वाजवली. मग मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "मग बरोबर आहे," म्हणाले. काय बरोबर आहे, ते बोलले नाहीत. बौद्ध वस्तीतल्या पोरीला ते शाळेपासून पाठ असतं.

सोलापुरात एका दुकानावरच्या माडीवर हा वर्ग चालायचा. मुलाखतीसाठी आवाज सुधारून देतो म्हणायचे. एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर जागा निघाली होती आणि सरांच्या शिफारशीचं तिथं चालतं, अशी बोलवा होती. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायची पहिली नोकरी माझी होणार होती. म्हणून गप्प बसले. दातांत पेन्सिल धरून बोलले. 'हाय' गिळलं, 'न्हाय' गिळलं. तोंडात 'लई' आलं की जीभ चावली. हसणाऱ्यांतले निम्मे घरी गेल्यावर हाय-न्हायच बोलणारे. त्यांची तर मला कीवच यायची.

सरांचं म्हणाल तर उथळ पाण्याला खळखळाट फार. दर वाक्यात 'प्रोफेशनल'. श्वास पोटातून घ्या, सावकाश बोला, एवढं एक कामाचं शिकवलं. तेवढं मी घेतलं, नाकारत नाही. बाकी सगळा वर्ग आपल्या आईबापाची लाज कशी वाटून घ्यावी, याचाच होता.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी गृहपाठ दिला. दुसऱ्याच्या नंबरवरून आपल्या माणसाला फोन करायचा, नव्या आवाजात. त्यानं ओळखलं नाही तर पास.

मी मैत्रिणीच्या फोनवरून आण्णांना, माझ्या वडलांना लावला. ते उजनी धरणाच्या काठी एका बागायतदाराच्या पाण्याच्या मोटारी सांभाळतात.

"नमस्कार. मी कार्यालयातून बोलते आहे. आपल्याला आत्ता बोलता येईल का?"

आण्णा बोलले, पण तो आमच्या घरातला आवाज नव्हता. मालकाच्या दारात बोलतात, तो होता.

"व्हय मॅडम. उभाच हाय, बोला. माझं काय चुकलं का?"

मी म्हणाले, "आण्णा, मी हाय. बसा तुमी."

ते हसले. हापिसातली कोण मोठी बाई हाय वाटलं, म्हणाले. लई झाक बोलतीस, आता नोकरी लागतीय बघ, म्हणाले. लेकीपुढं उभं राहिलो, याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. उलट अभिमान वाटला होता. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेकाला विचारलं. मी झालं ते सांगितलं. सर खूश.

"बघा, सख्ख्या बापानं ओळखलं नाही. याला म्हणतात प्रगती."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मागं मला हसलेल्यांनीच वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, हा आवाज ऐकून माझ्या बापाला वाटलं, आपलं कायतरी चुकलं. असला आवाज मला न्हाय पायजे." 'न्हाय' मुद्दाम म्हणाले. पोटातून श्वास घेऊन, सावकाश.

सर म्हणाले, मग शिफारस विसर. मी म्हणाले, विसरले. माझं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पुसा. त्यांनी पुसलं. मोबाइलवर बोट फिरवताना त्यांच्या तोंडातून एकदाही 'प्रोफेशनल' निघालं नाही.

दवाखान्यात मी शिफारशीशिवाय गेले. समोर तिघं बसलेले. विचारलं ते सगळं नीट सांगितलं. माझ्या एका 'हाय'वर त्यातला एक हसला. कशाचं हसू आलं, मी विचारलं आणि त्याच्याकडं बघत बसले. तो कागद चाळायला लागला. शिकलेला माणूस, साधं कारण देता आलं नाही.

नोकरी मिळाली नाही. आण्णांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू.

सोमवारी दुसरीकडं मुलाखत आहे. तिथंही अशीच बोलणार. कुणी हसलं तर आधी त्यानं कारण सांगायचं. ते सांगेपर्यंत मी पुढच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, आणि खुर्चीवरून उठणारही नाही.