दिनकररावांची तहानलेली नाव

लाकडाची वस्तू दिसली की दिनकरराव तिच्यावर बोटाने टकटक करून कान लावीत. आमच्या देवळात दर्शनाला आले तेव्हा तीर्थ घेण्याआधी त्यांनी चौरंग तपासला. म्हणाले, "शास्त्रीबुवा, याला आतून खोकला आहे." पुढच्याच पूजेत चौरंग सत्यनारायणासह कलला.

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतले हे फौजी घराणे; पूर्वजांनी नद्या ओलांडल्या त्या घोड्यावरून. मुलगा नॉर्वेत. त्याच्याकडे एक उन्हाळा राहून दिनकरराव परतले ते तिथल्या जुन्या वल्ह्यांच्या नावेचे वेड घेऊन. मुलाचा आग्रह, आता कायमचेच या. नातवाच्या ओढीने त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तयार होत्या. यांना ग्वाल्हेर सुटेना. अंगणात सागाच्या फळ्या रचीत त्यांनी पैज लावली: नाव तरंगली तर इथेच राहायचे.

"आणि बुडाली तर?" वहिनींनी विचारले.

"मुकाट्याने विमानात बसेन."

फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून त्यांनी तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या. आतला सांगाडा शेवटी बसविला. मी म्हटले, "परमेश्वर आधी फासळ्या घडवितो."

"त्याला घाई असते, बुवा. आमच्यात आधी कातडी."

मुहूर्त मीच काढला. तलावाकाठी अर्धी छावनी लोटली. वरुणाचे मंत्र संपतात तोच सांध्यांतून पाणी शिरले आणि नाव गुडघाभर पाण्यात शांतपणे तळाशी बसली.

"काकासाहेब, ये तो पनडुब्बी निकली!" कुणी ओरडले. मुहूर्ताविषयीही काही शब्द कानी आले. ते मी वरुणाच्या स्वाधीन केले. जिलबी खाऊन गर्दी पांगली. वहिनी बॅगा भरायला गेल्या.

दिनकरराव काठावरच बसले. "कोरडे लाकूड आहे. पोटभर पाणी प्याले की फुगेल, सांधे मिटतील."

"आणि नाही मिटले तर?"

"तर लोकरीचे मोजे शोधावे लागतील."

काही दिवसांनी त्यांनी नाव उपसली. या वेळी काठावर आम्ही तिघेच. नाव तरंगली. वहिनी चपला काढून आत बसल्या, तळ चाचपला आणि कोरडा हात पदराला पुसला.

"फोन करा मुलाला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, नातवाला घेऊन तूच ये. वल्हवायला माणूस हवा. यांना तर आत्ताच धाप लागली आहे."

पुढे काही वर्षांनी दिनकरराव वारले ते ग्वाल्हेरातच. आता वहिनींना अडविणारे कुणी नाही. मुलाने तिकीटही पाठविले. मी विचारले, केव्हा निघणार?

"कशी निघू, शास्त्रीबुवा?" त्या म्हणाल्या. "मी गेले तर नाव सुकेल. तिला पाणी कोण पाजणार?"