रिसॉर्टवरचं पाणी

रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम करते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "मग कोण कोण मोठी माणसं येतात तुमच्याकडे?" आमच्याकडे मोठी माणसं येत नाहीत. तळेगावच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमचं रिसॉर्ट. थोड्या खोल्या, एक स्विमिंग पूल, आंब्याची झाडं, चुलीवरची भाकरी. येतात ते वाकड-मोशीची कुटुंबं, तळवड्याचे आयटीवाले नि चाकणच्या कंपन्यांच्या टीम. त्यांचे किस्से पुष्कळ आहेत. पण मैत्रिणी जमल्या नि मी सांगायला लागले की कुठूनही सुरुवात केली तरी गाडी पाण्यावरच येते. पाणी असतं तोवर किस्से होत नाहीत. ते गेलं की सुरू होतात, आणि मग पाऊस पडेपर्यंत आवरत नाहीत.

आता सांगते ते सगळे एकाच उन्हाळ्यातले.

माणसं फार नाहीत. अण्णा म्हणजे मालक, खालच्याच गावचे. त्यांची सपाटीची जमीन रस्त्यात आणि कारखान्यांत गेली, खाली विहिरीपुरतं रान आणि हा डोंगराचा तुकडा राहिला, त्यावर त्यांनी रिसॉर्ट काढलं. मंदाताई त्याच गावच्या, खोल्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. आणि मी. माझं माहेर लातूरकडचं, त्यामुळे नळ वाहता दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो.

* * *

मार्च सरता सरता रिसॉर्टची बोअर आटली. आटली ती नेमकी शनिवारी, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना.

रिसेप्शनचा फोन वाजला. "मॅडम, पाणी गेलं."

"बघते सर, पाच मिनिटांत."

"जरा लवकर बघा. मी साबण लावलाय."

"कुठे?" घाईत माझ्या तोंडून गेलं.

"सगळीकडे," ते म्हणाले.

टाकी कोरडी. टँकरवाला फोन उचलेना. शेवटी पिण्याच्या पाण्याचे दोन जार मंदाताईंनी त्यांच्या दाराशी नेऊन ठेवले, दार वाजवलं आणि त्या मागं न बघता निघून आल्या. गृहस्थ बिल भरून सरळ गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं, आता इंटरनेटवर आपली शोभा होणार.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला. पाच स्टार. खाली लिहिलं होतं, "इथे अंघोळीलासुद्धा मिनरल वॉटर देतात."

अण्णा म्हणाले, "ह्याचा बोर्ड करून गेटवर लावूया का?" मी नको म्हटलं. अजूनही अधूनमधून विचारतात.

* * *

त्याच्या पुढच्या आठवड्यात पुनावळ्याहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुली. मुक्काम दोन दिवसांचा आणि बॅगा बघाव्यात तर परदेशी निघाल्यासारख्या. मंदाताई एक बॅग उचलायला गेल्या नि म्हणाल्या, "ह्यात काय दगड हायत का?"

संध्याकाळी मी चक्कर मारायला गेले तर त्यांच्या खोलीच्या कठड्यावर चादरी. शेजारच्या आंब्यावर पडदे. झोपाळ्याच्या साखळीला शाळेचे युनिफॉर्म.

बाई मला बघून ओशाळल्या. "सोसायटीत तीन दिवसांपासून टँकर नाहीये हो," त्या म्हणाल्या. "मुली म्हणत होत्या सुट्टीत कुठंतरी जाऊ. मी ह्यांना म्हटलं, जाऊ, पण जिथं नळाला पाणी असेल तिथंच जाऊ."

तोवर आम्ही अण्णांच्या विहिरीवरून पाइप टाकून पाणी वर घ्यायला सुरुवात केली होती, म्हणून नळाला पाणी होतं. मला त्यांना रागावता येईना. मंदाताई त्यांच्याबरोबर चादर पिळायला लागल्या. एक टोक ह्यांच्या हातात, एक त्यांच्या.

"आमच्या गावाला बी टँकरच हाय," मंदाताई म्हणाल्या. "निळा. मागनं गळतोय."

बाई पिळायच्या थांबल्या. "मागच्या नळाला लाल फडकं बांधलेलं?"

"व्हय. त्योच."

"आमचापण तोच आहे," बाई म्हणाल्या. मग दोघी मिळून त्या ड्रायव्हरबद्दल जे बोलल्या, ते मी इथं सांगत नाही.

* * *

आता त्या विहिरीचं सांगायला हवं. ती डोंगराखाली, गावाच्या कडेला, अण्णांच्या रानात. गावाची सार्वजनिक विहीर आटली की सगळ्या बायका अण्णांच्या विहिरीवर यायच्या. वर्षानुवर्षांचा रिवाज होता. त्यांनी कधी विचारलं नाही, अण्णांच्या घरून कधी कुणी अडवलं नाही. पण आमचा पंप सुरू झाला तशी विहीर झपाट्यानं खाली गेली. एक दिवस मंदाताई कामावर उशिरा आल्या. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल.

"पोहरा टाकला तर गाळ वर येतोय," एवढंच म्हणाल्या आणि चादरी बदलायला गेल्या.

मी तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, "अण्णा, स्विमिंग पूल बंद करू."

अण्णा जेवत होते. "लोकं काय डोंगर बघाया येत्यात व्हय? डोंगर त्यांना हायवेवरनं बी दिसतोय. पाण्यात डुंबाया येत्यात ती. पूल बंद केला तर उद्या खोल्या रिकाम्या. मग मंदाला काय काम देऊ? तुला काय देऊ?"

मंदाताई दारातच उभ्या होत्या. त्यांचा पगार वरच्या पाण्यावर नि त्यांची चूल खालच्या पाण्यावर. त्या कुणाच्याच बाजूनं बोलल्या नाहीत. 

पण मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला आणि सगळ्या खोल्यांमधले शॉवर काढून घेतले. प्रत्येक बाथरूममध्ये एक बादली, एक मग.

पिंपळे सौदागरचे एक काका तावातावानं रिसेप्शनवर आले. "बादलीनं अंघोळ करायची? आम्ही सुट्टीवर आलोय, मॅडम."

मी समजावून सांगत होते, तोवर काकू मागून आल्या. केस ओले, चेहरा उजळलेला. "अहो, राहू द्या ना. किती वर्षांनी अंगावर मगानं पाणी घेतलं. आता घरचा शॉवरपण काढून टाकू."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं घरही मी मोडलं, असा त्यांचा चेहरा होता.

* * *

शॉवर गेले, पण रेन डान्स होता. वरून पाइपांतून पाणी पडतं, खाली गाणी लागतात, माणसं नाचतात. चाकणच्या एका कंपनीची टीम आली होती. त्यांनी बुकिंग करतानाच रेन डान्स पाहिजे म्हणून सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "अर्धा तास. जास्त न्हाई."

गाणी लागली. मुलं-मुली नाचायला लागली. आवाज डोंगराखाली गावापर्यंत जातो, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी आवाज ऐकून कुणी वर येईल असं वाटलं नव्हतं.

गेटमधून बायका आल्या. डोक्यावर, कमरेवर रिकामे हंडे. वॉचमननं अडवलं नाही. त्याची आई त्यांच्यातच होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सरळ येऊन त्या पाइपांच्या खाली उभ्या राहिल्या आणि हंडे खाली ठेवले. पाणी हंड्यांत पडायला लागलं. नाचणारी पोरं आपसूक बाजूला सरकली. चिंब भिजलेली, अवघडलेली, हातांचं काय करावं ते कळत नसलेली.

साउंडवाला पोरगा घाबरला. त्यानं गाणं बंद केलं आणि त्याच घाईत पाण्याचा कॉकही फिरवला. सगळं एकदम शांत झालं.

पुढच्या बाईनं त्याच्याकडे मान वळवली. "बाबा, गाणं बंद केलंस ते ठीक हाय. पाणी कशाला बंद केलंस?"

त्यानं कॉक सोडला. थोड्या वेळानं त्यानं गाणंही लावलं, पण हळू आवाजात. हंडे भरेपर्यंत कुणी नाचलं नाही. टीममधल्या दोघीतिघी पुढं होऊन भरलेला हंडा उचलून डोक्यावर द्यायला लागल्या. त्यांना ते जमत होतं. गावाकडून आलेल्या असणार.

त्या दिवसापासून रेन डान्स बंद झाला. अण्णांनी मला तोंडानं सांगितलं नाही. सकाळी बघितलं तर पाइप उतरवून ठेवलेले.

* * *

स्विमिंग पूल मात्र अण्णांना सोडवेना. नवीन पाणी घालायचं नाही, आहे ते राखायचं, असं ठरलं. एप्रिलच्या उन्हात पाणी किती दिवस राहणार? हिरवं झालं, वास यायला लागला. शेवटी ते आंब्यांना सोडून दिलं. निळ्या फरशांचा एक मोठा कोरडा खड्डा उरला.

फोन यायचे, "पूल आहे ना?" मी सांगायचे, "आहे, पाणी नाही." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. असं रोज. एका रविवारी फक्त एक खोली भरली, तीही चुकून आलेल्या माणसांनी.

मग महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमधले कामगार आले. आठवडाभर शिफ्ट करून आलेली माणसं. कोरडा पूल बघून त्यांच्यातला एक जण शिडीनं खाली उतरला, भिंतीवर थाप मारली नि वर ओरडला, "भावा, बाउंड्री आयती हाय रे."

दिवसभर त्यांनी पूलमध्ये बॉक्स क्रिकेट खेळलं. उताराच्या बाजूनं बॉलिंग. चेंडू भिंतीला लागून परत यायचा, त्यामुळे आणायला धावायचं काम नाही. कठड्यावर बसून अण्णा अंपायर. एका एलबीडब्ल्यूवरून त्यांचं गिऱ्हाइकाशी इतकं वाजलं की मला मध्ये पडावं लागलं.

जुलैत पाऊस झाल्यावर पूल भरला. त्याच माणसाचा फोन आला. म्हटलं, "या, आता पूल भरलाय."

तो नाराज झाला. "अरेरे. मग कधी रिकामा करणार?"

* * *

पण जुलै यायच्या आधी मे होता.

मेच्या मध्यावर चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या एचआरवाल्यांचा फोन आला. अख्खी बस भरून माणसं, सगळ्या खोल्या, दोन दिवस. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. अट एकच, स्विमिंग पूल भरलेला हवा. माणसं उन्हानं त्रासलीयत, पोरांनाही आणणार आहेत.

एवढं बुकिंग त्या महिन्यात आलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "घे."

"अण्णा, पूल भरायला विहीर संपेल."

"पाऊस येतोय की पंधरा-वीस दिसांत."

"आणि ते पंधरा-वीस दिवस?"

"रोहिणी, हे असंच चाललं तर पावसाळ्यात उघडायला रिसॉर्ट राहणार न्हाई. मला बी कळतंय गं. मी काय परका हाय का गावाला?"  मी बुकिंग घेतलं नाही, नाकारलंही नाही. म्हटलं, सकाळी तुमच्याबरोबर विहिरीवर येते. तुम्ही विहिरीत डोकावून बघा, मग मला हो म्हणा.

सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. विहिरीवर बायकांची रांग होती.  पोहरा खाली जायचा, दोराचा आवाज यायचा, अर्धा पोहरा वर यायचा.

पंपाची खोली बाजूलाच. तिच्या दारात, उंबऱ्यावर, अण्णांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, बसल्या होत्या. शेजारी त्यांचा स्वतःचा हंडा, रिकामा. आत स्टार्टरच्या पेटीला कुलूप.

अण्णा थांबले. "अगं, हे कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"किल्ली दे."

"माझा नंबर आला का देते."

अण्णांनी रांगेकडे बघितलं. काकूंचा नंबर सगळ्यांच्या मागं होता. आमच्या देखत आणखी एक बाई आली, तर काकूंनी तिला हातानं खूण करून आपल्या पुढं घातलं.

"मालकिणीनं कुठं रांगेत बसायचं असतं का?" अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"तुमी वर पाणी नेताय म्हणून आमी खाली रांगेत हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर नीट केला आणि परत विहिरीकडे तोंड करून बसल्या.

 अण्णा विहिरीच्या कठड्याशी गेले, आत वाकून बघितलं. बराच वेळ बघत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एचआरवाले. सकाळी नक्की सांगते असं मीच म्हटलं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला नि अण्णांपुढं धरला.

"नमस्कार, मग पूलचं नक्की ना?"

अण्णा म्हणाले, "साहेब, पूल हाय. पंप हाय. किल्ली न्हाई."

"म्हणजे? मी समजलो नाही."

अण्णांनी मग त्यांना सगळं सांगितलं. विहीर, रांग, टँकर, सगळं. मला वाटलं होतं ते काहीतरी कारण काढतील. त्यांनी काही काढलं नाही. शेवटी म्हणाले, "तवा पूल भरणार न्हाई. तुमी दुसरीकडं बघा."

 मग ते गृहस्थ म्हणाले, "पण आमच्या लोकांनी तयारी केलीय हो. आम्ही काय करायचं?"

 उंबऱ्यावरून काकूंनी मान न वळवता सांगितलं, "या म्हणावं. येताना हंडे घेऊन या, रांगेला लागा."

फोन कट झाला. मी म्हटलं, गेलं बुकिंग. अण्णांनी पोहऱ्याचा दोर एका म्हाताऱ्या बाईच्या हातातून घेतला आणि ओढायला लागले.

शनिवारी वळणावर त्याच कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मी नि मंदाताई गेटवर गेलो. बस वर यायची सोडून खाली विहिरीकडे वळत होती. टपावर सामानाच्या जागी नवेकोरे हंडे बांधलेले होते.